आवरणाऱ्यांनो, आवरा!

पाहुणे येणार म्हणून घर आवरणे हा सभ्य स्वरूपाचा गुन्हा आहे, असं माझं स्वच्छ मत आहे. 'स्वच्छ' हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. कारण या विषयावर तोंड उघडलं, की समोरचा मनुष्य आपल्याला गलिच्छपणाचा पुरस्कर्ता समजून दोन पावलं मागे सरकतो. तसं काही नाही. मी रोज आंघोळ करतो, चष्मा पुसतो, आणि बँकेतलं माझं टेबल आवरल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. घर झाडावं, पुसावं, ओटा धुवावा, याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या घरात बुधवारपर्यंत चार माणसं सुखानं राहत होती, तेच घर गुरुवारी "आम्ही रविवारी येतोय" असा फोन येताच मनुष्यवस्तीला नालायक कसं ठरतं? एका फोननं इतकी पत घसरलेली मी शेअरबाजारातही पाहिलेली नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बी.कॉम. झालेल्या माणसाकडून समाज विचारांची अपेक्षा करत नाही. कलाशाखेवाल्याला सौंदर्य कळतं, शास्त्रशाखेवाल्याला सत्य कळतं, आणि आम्हाला फक्त बेरीज कळते, अशी वाटणी पूर्वीच झालेली आहे. पण घर आवरण्याचा प्रश्न सोडवायला लागणारं शास्त्र नेमकं आमचंच आहे. हिशेबाच्या भाषेत याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. वर्षअखेरीला ताळेबंद बाळसेदार दिसावा म्हणून 31 मार्चला ठेवी फुगवायच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या हळूच ओसरू द्यायच्या. यात खोटं म्हणावं असं काही नसतं. पैसे खरे, तारीख खरी, शिक्का खरा. फक्त एकूण चित्र तेवढं खोटं.

आपल्या घरांचं तेच. दिवाणावरची चादर खरी, पडदे खरे, काचेच्या कपाटातला सहा कपांचा सेट खरा. पण या घरातली माणसं त्या कपातून चहा पितात, दिवाणावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग कधीच नसतो आणि वर्तमानपत्रांना घडी घालून ठेवण्याची इथं परंपरा आहे, असा जो एकंदर देखावा उभा राहतो, तो शुद्ध बनावट असतो.

घरोघरी एक सस्पेन्स खातंही असतं. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती तात्पुरती ठेवायची जागा म्हणजे सस्पेन्स खातं. आमच्याकडे ते दिवाणाच्या पोटात आहे. पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री त्यात काय काय जमा होतं, म्हणून सांगू! इस्त्रीची वायर, विजेची बिलं, एकेकटे मोजे, मुलाची वही, औषधांची पिशवी, पक्कड, माझा दुसरा चष्मा. सगळ्यांना सांगितलं जातं, "आत्ता टाकून द्या, नंतर बघू." बँकेत निदान तपासनीस येतो आणि सस्पेन्समध्ये इतके दिवस काय पडलंय म्हणून विचारतो. दिवाणाला विचारणारं कोणी नाही. माझी रक्तदाबाची गोळी एकदा त्या खात्यात जमा झाली. ती मिळेपर्यंत माझा रक्तदाब इतका वाढला होता, की गोळी सापडल्यावर एकीच्या जागी दोन घ्याव्यात की काय असं वाटू लागलं.

बँकेत कर्जाचा हप्ता 90 दिवस थकला, की ते खातं अनुत्पादक ठरतं. 2004 सालापासून हा 90 दिवसांचा दंडक आहे. तोच घराला लावून पाहा. जी वस्तू 90 दिवसांत एकदाही वापरली नाही, ती अनुत्पादक. या हिशेबानं आमच्या काचेच्या कपाटाची संपूर्ण मालमत्ता बुडीत आहे. तो सहा कपांचा सेट आमच्या लग्नातला. त्यातून आम्ही नवराबायकोनं एकदाही चहा प्यायलेला नाही. तो पाहुण्यांसाठी आहे. पाहुणे आले की म्हणतात, "अहो, हे कशाला काढलेत? फुटतील. साधे कप द्या." मग साधे कप येतात. म्हणजे पाहुण्यांना नको, आम्हाला परवानगी नाही, आणि दर वेळी धुवायचे मात्र आहेतच!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गमतीचं आहे, यात गुन्हा कसला? सांगतो. गुन्हा म्हटला की फिर्यादी लागतो. इथला पहिला फिर्यादी म्हणजे घरातल्या बाईची कंबर.

2019 साली सरकारनं देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. सहा वर्षांवरच्या शंभर पुरुषांतले साधारण 26 जण दिवसभरात घरकामाला हात लावत होते. बायकांत हे प्रमाण 81 होतं. हात लावणाऱ्यांत पुरुष दिवसाला सरासरी 97 मिनिटं काम करत होते, बायका 299 मिनिटं. तीनास एक! हे रोजचं, साधं, बिनपाहुण्यांचं. पाहुण्यांच्या आधीच्या तीन दिवसांचे आकडे सरकारनं वेगळे काढलेले नाहीत. काढले तर मोजणी करणाऱ्यालाच कोणीतरी शिडीवर चढवून पंखा पुसायला लावील. आमच्याकडे पंखे आणि माळा ही दोन खाती माझ्याकडे आहेत. बाकी चौदा खाती सौ.कडे. आणि ती चौदाही खाती एकाच प्रश्नावर चालतात: "अहो, आक्का काय म्हणतील?"

या आक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. मिरजेला असते. मला शेंबडा असल्यापासून ओळखते. 'शेंबडा' हा शब्द मी अलंकारिक अर्थानं वापरलेला नाही. जिनं माझं नाक आपल्या परकराच्या टोकाला पुसलं, ती माझ्या न्हाणीघरातल्या बादलीचा कळकट काठ पाहून माझ्याबद्दल मत बदलेल, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटते. मी तसं सौ.ला म्हणालो. त्यावर ती जे बोलली, ते वाचकांनी लक्ष देऊन ऐकावं. कारण माझ्या सबंध युक्तिवादाला तेवढं एकच खरं उत्तर आहे. ती म्हणाली, "घर पसरलेलं असलं तर तुम्हाला कोण बोलतं? 'बाईला वळण नाही' असं म्हणतात. 'बुवाला वळण नाही' असं कुणी म्हटलेलं ऐकलंय तुम्ही कधी?"

खरंच ऐकलेलं नाही. घर दोघांच्या नावावर, कर्जाचे हप्ते दोघांच्या पगारातून, आणि पसारा मात्र एकटीच्या खात्यावर नावे! दुहेरी नोंद पद्धतीत असा अन्याय बसत नाही. म्हणून माझा हल्ला घर आवरणारीवर नाहीच. ज्यांच्या नजरेच्या धाकानं ती आवरते, त्यांच्यावर आहे. खुर्चीत बसताना खुर्चीच्या पाठीवरून सहज बोट फिरवून ते बोट न्याहाळणारे पाहुणे तुम्ही पाहिले असतील. पाणी पिण्याआधी पेला उजेडाकडे धरणारे पाहिले असतील. "पंखा मागच्याच वेळचा का?" असं विचारणारे पाहिले असतील. अशा पाहुण्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: आम्ही घर आवरू नये असं वाटत असेल, तर आधी तुम्ही डोळे आवरा. बँकेतला तपासनीससुद्धा चहा येईपर्यंत दप्तर उघडत नाही.

दुसरा फिर्यादी म्हणजे खुद्द पाहुणा. मिरजेहून निघण्याआधी आक्कानं काय केलेलं असतं? आपलं घर आवरलेलं असतं! कुलूप लावून जायच्या घराला कोण बघणार आहे? पण नाही. "मागं काही झालं न् शेजाऱ्यांनी दार उघडलं तर काय म्हणतील?" शिवाय आमच्यासाठी भाजणी, मेतकूट, शेवया, लिंबाचं लोणचं. शिवाय दाजींची औषधं. ही बाई आमच्या दारात येते तेव्हा तीन रात्री नीट झोपलेली नसते. दार उघडणारीही तीन रात्री झोपलेली नसते. दोन दमलेल्या बायका उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना म्हणतात, "किती वाळलात हो तुम्ही!" आणि त्या दोघींच्या मधे दाजी आणि मी, दोन ताजेतवाने पुरुष, हसतमुखानं उभे असतो.

पण खरा घाटा याहून मोठा आहे, आणि त्यावर विनोद करायला मला जमत नाही. दोन वर्षांपूर्वी आक्का आणि दाजी पुण्यात एका लग्नाला आली. कार्यालय आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. अक्षता पडल्या, जेवणं झाली. मला वाटलं, आता घरी येतील. आक्का म्हणाली, "नाही रे, रात्रीच्या गाडीनं निघतो. अचानक आलो तर तुमची धावपळ होते. तुझ्या बायकोचं ऑफिस, मुलाची परीक्षा. पुढच्या वेळी आठ दिवस आधी सांगून येऊ." ती रागानं बोलली नाही. मायेनंच बोलली. तिनं मागच्या खेपेला सौ.ची कंबर पाहिली होती, एवढंच. रात्री गाडी हलेपर्यंत ती दोघं फलाटावरच्या बाकावर बसून होती. आमच्या घरात त्या वेळी खोली रिकामी होती, गादी होती, आणि बहिणीची वाट बघणारा भाऊही होता. घर फक्त आवरलेलं नव्हतं.

बचत खात्यातून पैसे काढायला आठ दिवसांची नोटीस द्यावी लागत नाही, पण सख्ख्या बहिणीला भावाच्या घरी यायला लागते. ज्या स्वागताचा खर्च इतका वाढलेला आहे, की पाहुण्यालाच तो करवत नाही, ते स्वागत दिवाळखोरीत निघालेलं आहे. आमची एक आत्या दर मे महिन्यात न सांगता यायची. दारात ट्रंक ठेवून म्हणायची, "भात आहे का? नसला तर टाका." तिला कुणी आवरलेलं घर दाखवलं नाही आणि तिनं ते पाहिलंही नाही. आता आमची घरं पूर्वीपेक्षा मोठी आहेत, फरश्या पूर्वीपेक्षा गुळगुळीत आहेत, आणि येणारी माणसं पूर्वीपेक्षा कमी आहेत.

अशा कमी दिसणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, "काय, उंबराचं फूल झालास की!" ही म्हण मला रोज आठवते. कारण आमच्या मागच्या गॅलरीसमोर एक उंबर उभा आहे. पहाटे सहा वाजता, आवराआवरीच्या युद्धाला तोंड लागण्यापूर्वी, मी आणि सौ. तिथं दोन स्टुलं टाकून चहा पितो. साध्या कपांतून. पाहुणे येण्याच्या आठवड्यात आम्हाला जे काही बळ येतं ते या झाडाकडून येतं. टॉनिकपेक्षा स्वस्त आणि च्यवनप्राशापेक्षा कमी चिकट. त्या वीस मिनिटांत सौ. फडक्याला हात लावत नाही. खांदे खाली येतात, आवाज खाली येतो, आणि कधीकधी तर कामांची यादीसुद्धा चौदावरून नऊवर येते. एका झाडानं पाच खाती बंद केलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

पाहुणचार कसा करावा हे शिकायचं तर त्या उंबराकडून शिकावं. उंबराला फूल नसतं अशी आपली समजूत आहे. वास्तविक फुलं असतात, भरपूर असतात, पण ती त्या फळाच्या आत असतात. बाहेर शोभेला एक पाकळी नाही. त्या आतल्या फुलांकडे जाणारी पाहुणी म्हणजे चिलटाएवढी एक गांधीलमाशी. फळाच्या टोकाशी एवढंसं भोक असतं, त्यातून ती घुसते. दार इतकं अरुंद, की आत शिरताना बऱ्याचदा तिचे पंखच गळून पडतात. आपल्याकडे पाहुण्यांना नुसत्या चपला काढाव्या लागतात! पण आत गेल्यावर तिच्या पिलांची राहण्याजेवण्याची सोय होते आणि उंबराच्या परागीकरणाचं काम होतं. कोणी कुणाचे पडदे पाहत नाही. ज्याची खरी फुलं आत आहेत, त्याला विंडो ड्रेसिंगची गरज पडत नाही.

बाकीच्यांची वर्दळ तर विचारू नका. खोडालाच घोसाघोसानं लगडलेली फळं पिकली, की बुलबुल येतात, कोकीळ येतो, खारी येतात, रात्री वटवाघळं येतात. दुपारच्या उन्हात टुक-टुक-टुक असा भांडी ठोकल्यासारखा आवाज करणारा तांबट येतो. तो तर नुसता जेवत नाही, मुक्कामच ठोकतो. वठलेल्या फांदीत भोक कोरून तो घरटं करतो. म्हणजे जी फांदी पाहून आपण म्हणतो, "ही वाळकी आधी छाटा, बरी नाही दिसत," तीच त्याची पाहुण्यांची खोली! आमच्या गॅलरीत कपड्यांच्या तारेच्या टोकाला शिंजीरानं, म्हणजे सूर्यपक्ष्यानं, घरटं लटकवलं होतं. बघितलं तर कचऱ्याची पुरचुंडी: सालीचे तुकडे, वाळकी पानं, चिंध्या, आणि हे सगळं कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं. हो, जळमटांनी! जी काढायला मला दर पाहुण्यागणिक शिडीवर चढवतात, ती त्याच्या हिशेबी सिमेंट आहे. त्या गचाळ पुरचुंडीत त्यानं पिलं वाढवली आणि नेली. "लोक काय म्हणतील" हा विचार त्याच्या मनाला शिवला असता, तर बिचारा अजून सामान आवरत बसला असता.

मी या झाडाबद्दल इतकं बोलतो त्याला आणखी कारण आहे. आवरण्याचा रोग घरात सुरू होतो, पण तो दारापाशी थांबत नाही. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत एक ठराव आला. त्याची भाषा अशी होती: 'सदर वृक्षाची पाने व फळे पडून आवारात अस्वच्छता होते, अभ्यागतांच्या वाहनांचे नुकसान होते व प्रथमदर्शनी सोसायटीविषयी प्रतिकूल मत होते, सबब सदर वृक्ष काढून त्या जागी अभ्यागतांसाठी वाहनतळ व शोभिवंत फरसबंदी करण्यात यावी.' बघा, इथंही 'आक्का काय म्हणतील'च! फक्त मराठी सरकारी.

मी उठलो. बँकेत तीन माणसांच्या रांगेपुढे बोलायची सवय आहे, तीस माणसांपुढे नव्हती. पण सकाळचा चहा उंबरासमोर झाला होता. मी म्हणालो, "महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 सालापासून कायदा आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. हा झाला कायदा. आता हिशेब बघा. या झाडाची सावली मागच्या बारा घरांवर पडते. झाड गेलं की बारा घरांत यंत्रं बसणार. विजेचं बिल पाहुणे भरणार आहेत का? आणि जे पाहुणे मोटारीवर उंबर पडलं म्हणून आपल्याबद्दल प्रतिकूल मत करून घेतात, त्यांच्यासाठी जागा वाढवायची की कमी करायची, याचा सभेनं विचार करावा." एक काका म्हणाले, "पण उंबर दत्ताचं झाड आहे, त्याला कसं तोडणार?" ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. कायद्यानं झाला, हिशेबानं झाला की दत्तगुरूंनी केला, हे इतिवृत्तात नाही. पण तहकूब ठराव म्हणजे दिवाणातली वस्तू. कधी बाहेर येईल सांगता येत नाही. म्हणून म्हणतो, आपापल्या आवारातल्या झाडांवर नजर ठेवा. सुशोभीकरण हा शब्द कानावर आला, की कुऱ्हाड फार लांब नसते.

आता कुणी विचारील, मग पाहुण्यांसाठी काहीच करायचं नाही? जरूर करायचं. पण दाखवण्यासाठी नको, त्यांना बरं वाटावं म्हणून करायचं. उन्हाळ्यात येणाऱ्या माणसाला काय हवं असतं? गार पाणी. एक मातीचा माठ आणा. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, वाफ होऊन उडतं, आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. इतका प्रामाणिक नोकर दुसरा नाही, आणि त्याला प्लगही लागत नाही. त्यात वाळ्याची जुडी टाका. एका वाटीत पाण्यावर मोगऱ्याची दहा फुलं सोडा. कपाटातल्या प्लास्टिकच्या फुलांना धुऊन ठेवण्यापेक्षा हे सोपं. कैरी उकडून पन्हं करा. खिडक्या उघडा. संध्याकाळी गच्चीवर चटई टाका. वळवाचा पाऊस आला तर चटई उचलायची, एवढीच तयारी. हे सगळं करायला दीड तास लागतो आणि यातलं बहुतेक बुवांनाही जमतं. मी करतो. माठ घासण्यात माझा हात धरणारा आमच्या शाखेत कुणी नाही.

आणि फार पाहुणचार करायचाच झाला तर साबुदाण्याची खिचडी करा. त्या बशीकडे जरा नीट बघा. आपल्याकडचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. खिडकीबाहेर मे महिन्यात लालभडक फुललेला गुलमोहोर मादागास्करचा. हे सगळे सातासमुद्रापलीकडून आले, त्यांच्यासाठी कुणी पडदे बदलले नव्हते. तरी ते राहिले, रुजले, आणि इतके घरचे झाले, की आज उपवासालासुद्धा त्यांच्यावाचून आपलं चालत नाही. पाहुणा घरचा होतो तो असा. तो आवरलेल्या घरात होत नाही. आवरलेल्या घरात तो पाहुणाच राहतो. खुर्चीच्या कडेवर बसतो आणि घड्याळाकडे बघतो. घरचा माणूस व्हायला त्याला थोडा पसारा लागतो. वर्तमानपत्र उचलून बाजूला ठेवायला, निवडत्या मेथीची अर्धी जुडी आपल्याकडे ओढायला, "तुझा हा दुसरा मोजा कुठाय रे?" म्हणून ओरडायला काहीतरी शिल्लक ठेवलं पाहिजे. सगळंच आवरून टाकलं तर आक्कानं करायचं काय? दोन दिवस नुसती सोफ्यावर बसून राहिली, तर ती आजारी पडेल.

तेव्हा माझे ठराव असे. एक: येण्याची नोटीस आठ दिवसांवरून आठ मिनिटांवर आणावी, चहाचं आधण ठेवायला तेवढी पुरतात. दोन: काचेच्या कपाटातले कप रोजच्या वापरात घ्यावेत; फुटले तर घसारा म्हणून सोडून द्यावेत. तीन: पाहुण्यांनी आपली बोटं फर्निचरवरून न फिरवता घरातल्या लहान मुलांच्या डोक्यावरून फिरवावीत. चार: घराला वळण नसल्याचा दोष यापुढे नवराबायकोच्या संयुक्त खात्यावर निम्मा-निम्मा टाकावा. पाच: आदल्या दिवशीची शेवटची वीस मिनिटं घरातल्या सर्वांनी, जे काही झाड, टेकडी किंवा आभाळाचा तुकडा वाट्याला आला असेल त्याच्यासमोर, हातात फडकं न घेता काढावीत. कुंडीतली तुळस असली तरी चालेल.

सौ.नं हा लेख वाचला आणि विचारलं, "म्हणजे येत्या रविवारी पडदे धुवायचे नाहीत?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "आणि आक्का बोलल्या तर?" मी म्हणालो, "लेख वाचायला देऊ." ती जरा वेळ उंबराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या खोलीतलाच एक धुते." चळवळीत तडजोडी कराव्याच लागतात. चारांतले तीन पडदे वाचले, हे काही कमी यश नाही.

आणि आक्का, हे मासिकात छापून आलं तर दाजी तुला वाचून दाखवतीलच, म्हणून इथंच सांगून ठेवतो. पत्ता तोच आहे, उंबराच्या मागचा जिना. नोटीस नको, भाजणी नको, फलाटावरचं बाक तर अजिबात नको. कधीही या. दिवाणावर वाळलेले कपडे असतील, ते जरा पलीकडे सरकवा आणि बसा.